कालव्यावरचे पूल वाचवायचे तर आधी कालव्याची रेघ वाचवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही वास्तुशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहात. पुण्यात पर्वतीच्या पायथ्यापासून हडपसरकडे मुठा उजव्या कालव्याच्या कडेने फिरताना तुम्हाला जुन्या दगडी बांधकामाचे तुकडे दिसले. त्यांना कायद्याचं काही संरक्षण आहे का, युरोपात कालव्यांवरचे पूल आणि लॉक (बोटींना एका पातळीवरून दुसरीवर नेणारे दारांचे हौद) इतके जपले जातात ते कोणत्या बळावर, आपल्याकडे लॉक का नाहीत, आणि कालव्याचं पाणी नेणारा खडकवासला ते फुरसुंगी बोगदा झाल्यावर इथल्या बांधकामांचं काय होईल, हे तुम्हाला हवं आहे. मी स्थापत्य अभियंता आहे आणि दगडी पूल, मोऱ्या आणि बंधारे यांच्या दुरुस्तीतच माझी बहुतेक कारकीर्द गेली. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

मुख्य गोष्ट आधीच सांगतो. कालव्यावरचा पूल किंवा मोरी एकट्याने वाचत नाही. वाचवायची ती कालव्याची सबंध रेघ. रेघ गेली की पुलाखाली वाहायला काही उरत नाही, मग तो रस्त्यातला अडथळा ठरतो आणि पाच-दहा वर्षांत कुणीतरी तो पाडतो. पुण्यात हे एकदा घडून गेलं आहे.

मुठा कालव्यांची योजना ब्रिटिश अभियंते कर्नल फाइफ यांची. खडकवासल्याचं दगडी धरण १८६९ साली सुरू झालं आणि १८७९ साली पूर्ण झालं. त्याच्या जलाशयाला फाइफ यांचंच नाव होतं. धरणातून दोन कालवे निघाले. उजवा लांब, पर्वती, स्वारगेट, लष्कर, हडपसर असा पूर्वेला दुष्काळी मुलखाकडे गेलेला. डावा त्या मानाने बराच आखूड. आजचा नवा मुठा उजवा कालवा थेट इंदापूरपर्यंत जातो. त्याच्याआधीचा जुना उजवा कालवा पूर्व हवेलीत आणि दौंडकडे अजून आहे आणि तिकडचे शेतकरी त्याला बेबी कॅनॉल म्हणतात.

आता नकाशा समोर घ्या. कात्रज आणि सिंहगडाच्या रांगेतून ओढे उत्तरेला उतरतात आणि मुठेला मिळतात. उजवा कालवा मात्र पश्चिमेकडून पूर्वेकडे, डोंगराच्या कुशीने, एकाच समपातळीच्या आसपास अगदी मंद उताराने जातो. म्हणजे दक्षिणेकडून येणारा प्रत्येक ओढा कालव्याला आडवा येणार. पहिल्या आखणीपासून या कालव्याचं सगळं स्थापत्य या एका अडचणीतून जन्माला आलं आहे. ओढा खूप खाली असेल तर कालवा कमानींवरून पलीकडे न्यायचा, तो जलसेतू. ओढा आणि कालवा जवळपास एका पातळीला असतील तर एकाला दुसऱ्याच्या खालून दाबाने न्यायचं, तो सायफन. ओढा कालव्यापेक्षा उंचावर असेल तर त्यालाच कालव्यावरून उडवून द्यायचं. लहान नाल्याला भरावाखालून साधी मोरी पुरते. त्याशिवाय गाडीवाटेचे पूल, चाऱ्यांना, म्हणजे शेताकडे जाणाऱ्या लहान पाटांना, पाणी सोडणारी दारं, आणि जास्तीचं पाणी ओढ्यात सोडून देणारे सांडवे. तुम्ही फिरताना नुसता पूल पाहू नका. पाणी इथे कुणाच्या वरून आणि कुणाच्या खालून जातं, हे आधी ओळखा. तेवढं कळलं की दगड असे का रचले तेही कळतं: ओढ्याच्या अंगाला खांबांची टोकं निमुळती का, पंखभिंती (दोन्ही टोकांना माती अडवणाऱ्या बाजूच्या भिंती) तिरक्या का पसरल्या, तळाला फरसबंदी कुठपर्यंत आहे.

लॉकचं उत्तर सोपं आहे. लॉक लागतं बोटींना. कालव्यात दोन पातळ्या असतील तर मध्ये एक हौद बांधायचा, त्याच्या दोन्ही टोकांना दारं, दारांत लहान झडपा. बोट हौदात घ्यायची, मागचं दार लावायचं, झडप उघडून हौद वरच्या पातळीपर्यंत भरू द्यायचा, पुढचं दार उघडायचं. दोन पाखांची दारं इंग्रजी व्ही अक्षरासारखी वरच्या पाण्याकडे टोक करून मिटतात, त्यामुळे पाणी जितकं जोरात रेटतं तितकी ती घट्ट बसतात. यंत्रं नसताना पाण्याच्याच रेट्याने पाणी अडवण्याची ही युक्ती मला आजही स्थापत्यातल्या सर्वांत सुंदर युक्त्यांपैकी एक वाटते.

मुठा कालवा मात्र सिंचनासाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी होता. १८५८ साली रेल्वे पुण्यात आली होती, मालवाहतुकीची गरज तिने भागवली. शिवाय कालवा आवर्तनाने, म्हणजे ठरावीक पाळीने पाणी सोडून, चालतो, बारा महिने सारख्या पातळीने भरलेला नसतो. अशा कालव्यात बोटी चालवून परवडत नाही. म्हणून इथे पातळी उतरवायची तिथे साधे टप्पे आले, लॉक आले नाहीत. भारतात लॉक पाहायचे असतील तर वरच्या गंगा कालव्यावर जा. प्रोबी कॉटली यांच्या देखरेखीखाली तो १८५४ साली सुरू झाला, आणि रुडकीजवळ सोलानी नदीवरून जाणारा त्याचा जलसेतू प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा पाहावा असा आहे. गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात आर्थर कॉटन यांच्या कालव्यांवर आणि ओडिशात महानदीच्या कालव्यांवरही लॉक आहेत. तिथे सपाट मुलूख आणि भरपूर पाणी होतं, म्हणून सिंचन आणि जलवाहतूक एकत्र नांदली.

आता युरोप. फ्रान्सचा कॅनाल दु मिदी पिएर-पॉल रिके यांनी १६६० च्या दशकात बांधायला घेतला आणि १६८१ साली तो सुरू झाला. त्याच्या लॉकचे हौद लंबगोल आहेत. सुरुवातीला सरळ भिंतीचा हौद मातीच्या दाबाने कोसळला, म्हणून रिके यांनी भिंतींना बाहेरच्या बाजूला बाक दिला. आडवी ठेवलेली कमानच ती, मागची माती तिला जितकी दाबते तितके दगड एकमेकांत आवळतात. हा कालवा १९९६ साली जागतिक वारसा यादीत आला तेव्हा एखाददुसरं सुंदर लॉक निवडलेलं नव्हतं. सुमारे ३६० किलोमीटरचं सगळं जाळं आणि त्यावरची ३२८ बांधकामं, म्हणजे लॉक, जलसेतू, पूल, बोगदे, एकच वारसास्थळ म्हणून घेतली गेली. वेल्समधला पाँटकिसिल्टे जलसेतू टॉमस टेलफर्ड आणि विल्यम जेसप यांनी १८०५ साली पूर्ण केला. अठरा दगडी खांबांवर ३०७ मीटर लांबीची ओतीव लोखंडाची पन्हळ, नदीपासून सुमारे ३८ मीटर उंच. तो एकटाच इतका भव्य आहे की यादीत त्याचं नाव पुरलं असतं. तरीही २००९ साली त्याच्यासोबत कालव्याची १८ किलोमीटर लांबी नोंदली गेली. इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायर आणि वुस्टरशायर कालवा आपल्या लांबीभर संवर्धन क्षेत्र म्हणून जाहीर आहे. काठावरचं कुंपण, पायवाट, झाडं, लॉक-रखवालदाराचं घर, सगळं त्या पट्ट्यात येतं.

जपण्याची नजरही शिकण्यासारखी आहे. तिकडे बोटी घोडे ओढत. ओढीचा दोर कमानीच्या कडेला घासून घासून दगडात आणि लोखंडी पट्टीत खोल खाचा पडल्या आहेत. दुरुस्ती करताना कुणी त्या खाचा भरत नाही, कारण त्या पुलाने केलेल्या कामाची ती नोंद आहे. लॉकची दारं मात्र बिनदिक्कत बदलतात. ओकच्या लाकडाचं दार साधारण वीस-पंचवीस वर्षं टिकतं, मग तसंच नवं, त्याच मापाचं, त्याच सांध्यांचं दार कार्यशाळेत घडवून बसवतात. म्हणजे दोनशे वर्षांच्या लॉकवरचं लाकूड पंचवीस वर्षांचं असतं आणि कुणाची त्याला हरकत नसते. दगडी हौद मूळचा, दार नवं, घडवण्याची रीत मूळची. कोणता भाग झिजण्यासाठीच बनवला होता आणि कोणता टिकण्यासाठी, हा फरक आपल्या संवर्धनाच्या अहवालांत क्वचित दिसतो.

आपल्याकडे हा विचार लागू पडेल अशी जागा खडकवासलाच आहे. विश्वेश्वरय्या यांनी आपली स्वयंचलित पूरदारं १९०३ साली पहिल्यांदा तिथे बसवली. धरणाची भिंत न वाढवता साठा वाढवायचा आणि पूर आला की दारांनी आपोआप उघडायचं, अशी ती रचना. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटलं आणि पाठोपाठ खडकवासलाही फुटलं, नंतर ते पुन्हा उभारलं गेलं. अशा ठिकाणी जुनं लोखंड किती शिल्लक आहे यापेक्षा त्या दारांचं तत्त्व, मापं आणि जागा यांची नीट मांडलेली नोंद जास्त मोलाची. ती त्याच परिसरात लोकांना पाहता आली पाहिजे.

कायद्याकडे येतो, कारण इथे बरेच गैरसमज आहेत. बांधकाम शंभर वर्षांचं झालं की ते आपोआप संरक्षित होतं असं अनेकांना वाटतं. तसं नाही. प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या केंद्रीय कायद्यात शंभर वर्षं ही पात्रता आहे, संरक्षण मिळतं ते अधिसूचना निघाल्यावर. महाराष्ट्राचा १९६० चा कायदाही असाच चालतो. आणि कालव्यासाठी केंद्रीय कायदा मागू नये असं माझं स्पष्ट मत आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर केंद्रीय संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामाला बंदी आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित. शनिवारवाड्याभोवती कसब्यातल्या जुन्या वाड्यांच्या मालकांची या नियमाने काय कोंडी झाली, ती पुणेकरांना ठाऊक आहे. हाच नियम कालव्याच्या दोन्ही काठांना लावला तर हजारो घरं त्यात येतील आणि लोक कालव्याचे शत्रू होतील.

उपयोगी वाट दुसरी आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या आधाराने महापालिका वारसा यादी करते, त्यात श्रेणी १, २ आणि ३ असतात, आणि बदलाला वारसा संवर्धन समितीचं मत घ्यावं लागतं. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत वारसा इमारतींबरोबरच वारसा परिसर हीसुद्धा संकल्पना आहे. कालव्याला हीच बसते. एकेक पूल श्रेणीत घालण्यासाठी वीस प्रस्ताव करण्यापेक्षा कालव्याचा पट्टा आणि त्यावरची बांधकामं मिळून एक परिसर, असा एकच प्रस्ताव करा. त्यात प्रत्येक बांधकामाची श्रेणी वेगळी ठेवता येते. आर्किटेक्ट मंडळी बहुधा देखणी बांधकामं निवडून यादी करतात. कालव्याच्या बाबतीत साधी मोरीही देखण्या जलसेतूइतकीच लागते, कारण ती काढली तर भराव तिथेच फुटतो.

एक कायदा मात्र वारशाच्या चर्चेत कुणी काढत नाही आणि व्यवहारात तोच सगळ्यांत धारदार आहे: पाटबंधाऱ्याचा कायदा. मुंबई इलाख्याचा १८७९ चा आणि नंतर महाराष्ट्राचा १९७६ चा. कालव्याला किंवा त्याच्या बांधकामाला नुकसान करणं हा त्यात गुन्हा आहे, आणि कालव्याची जमीन जलसंपदा विभागाच्या ताब्यात असते. काठावरचं अतिक्रमण, दगड काढून नेणं, परस्पर भोक पाडून पाणी घेणं, यांच्याविरुद्ध हा कायदा वारसा नियमांपेक्षा झटपट चालू शकतो. त्याची मर्यादा अशी की जिथे कालवाच रद्द होतो तिथे त्याचा आधारही जातो, आणि विभागाने स्वतःच एखादं बांधकाम पाडायचं ठरवलं तर हा कायदा त्याला अडवत नाही. म्हणून दोन्ही हवेत: कालवा चालू असेपर्यंत पाटबंधाऱ्याचा, आणि बंद होण्याच्या आधीच वारसा परिसराचा.

आंतरराष्ट्रीय सिंचन व निचरा आयोगाची जागतिक वारसा सिंचन बांधकामांची यादीही तुम्ही लक्षात ठेवा. शंभर वर्षांहून जुनी बांधकामं तिला पात्र असतात. सिंधुदुर्गातला धामापूर तलाव त्या यादीत आहे, आंध्रचा कर्नूल-कडप्पा कालवाही आहे. त्याने कायद्याचं संरक्षण मिळत नाही, पण विभागातल्या अभियंत्यांना आपल्या कामाचा मान वाटतो, आणि माझ्या अनुभवात ते कागदी बंदीपेक्षा अधिक उपयोगी पडतं.

पुण्यात एकदा घडून गेलं असं वर म्हटलं ते डाव्या कालव्याबद्दल. कर्वेनगरात, एरंडवण्यात कॅनॉल रोड नावाचे रस्ते आहेत. रोज त्यावरून जाणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल की आपण मुठेच्या डाव्या कालव्याच्या वाटेने चाललो आहोत? वाट रस्त्याला मिळाली, नाव राहिलं, बांधकामं गेली. ती मोजून, चित्रं काढून ठेवली असती तरी आज तुमच्यासारख्यांना अभ्यासाला मिळाली असती.

याच्या उलट उदाहरण बेबी कॅनॉलचं. मुंढव्याच्या जॅकवेलमधून (पाणी उपसायच्या विहिरीतून) शहराचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी उचलून जुन्या कालव्यात सोडलं जातं आणि हवेली, दौंडच्या शेतीला जातं. त्या पाण्याच्या प्रतीबद्दल शेतकऱ्यांच्या तक्रारी आहेत आणि त्या रास्त आहेत, प्रक्रिया सुधारलीच पाहिजे. तरी बांधकामांच्या दृष्टीने पाहिलं तर एकोणिसाव्या शतकातल्या कालव्याला एकविसाव्या शतकात नवं काम मिळालं, म्हणून त्याचा गाळ निघतो आणि दारांची डागडुजी होते. तिकडे वारसा म्हणून कुणी काही केलेलं नाही, कामाने ते जपलं.

आता दुरुस्ती. इथे मला सर्वांत जास्त सांगायचं आहे, कारण चांगल्या हेतूने होणारं नुकसान मी याच टप्प्यावर पाहिलं आहे.

आपला दगड बेसाल्ट, काळा पाषाण. संवर्धनाची बहुतेक पुस्तकं वालुकाश्म आणि चुनखडकाच्या देशांत लिहिली गेली, त्यात सिमेंटने दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, भरल्या तर दगडाच्या कडा फुटतात असं असतं. बेसाल्ट इतका घट्ट असतो की कडा सहसा फुटत नाहीत, आणि म्हणूनच सिमेंटने काही बिघडत नाही असं आपल्याकडे मानलं जातं. नुकसान आत होतं. जुन्या भिंतीचे दोन्ही चेहरे घडीव दगडाचे, पोटात चुन्यात बसवलेले ओबडधोबड दगड. कालव्याचं पाणी भरावातून थोडं थोडं भिंतीच्या पोटात येतंच. दर्जा चुन्याच्या असतील तर ते सांध्यांतून झिरपून बाहेर पडतं. बाहेरून सिमेंटचा थर दिला की वाट बंद. पाणी पोटात साचतं, चुना विरघळवत राहतं, भिंतीमागचा दाब वाढतो, आणि काही वर्षांनी बाहेरून कडक दिसणारी पंखभिंत फुगून येते. शहराबाहेरच्या एका जुन्या जलसेतूवर असंच झालं. ठेकेदाराने एका हंगामात सगळ्या दर्जा सिमेंटने भरून काम चकाचक केलं. पुढे हातोडीने ठोकून पाहिलं तर दगडांमागून पोकळ आवाज येत होता आणि पहारीला पोटातून भुगा लागत होता. तिथे शेवटी एक बाजू उकलून पुन्हा बांधावी लागली.

योग्य क्रम असा. आधी ठोकून, गरज असेल तिथे बारीक भोक पाडून, पोटाची स्थिती पाहायची. जुना चुना प्रयोगशाळेत तपासून त्यातला चुना, वाळू, सुर्खी (भाजलेल्या विटांची भुकटी) यांचं प्रमाण काढायचं. दख्खनच्या जुन्या पाटबंधाऱ्यांत कंकराचा (मातीत सापडणाऱ्या चुनखडीच्या खड्यांचा) चुना वापरत, तो पाण्यातही आळतो. आज तो मिळाला नाही तर पाण्यात आळणारा चुना किंवा चुना आणि सुर्खी यांचं मिश्रण घ्यायचं. दर्जा हाताने, छिन्नीने खोल उकरायच्या, ग्राइंडर लावायचा नाही, त्याने दगडाच्या कडा कायमच्या कापल्या जातात. पोटात चुन्याचा पातळ रस खालून वर, अगदी कमी दाबाने सोडायचा. दाब वाढवला तर आधीच सैल झालेला दर्शनी थर पुढे ढकलला जातो. मग दर्जा भरायच्या आणि ओल्या गोणपाटाखाली दोन-तीन आठवडे ठेवायच्या. घाई इथे चालत नाही.

आणि इथेच कालव्याचं वेळापत्रक आड येतं. दोन आवर्तनांच्या मधल्या काळात कालवा रिकामा मिळतो, तेवढ्यात चुना आळला पाहिजे. म्हणून दुरुस्तीचा आराखडा वास्तुविशारदाने एकट्याने करून भागत नाही. कालवा निरीक्षकाबरोबर बसून, पुढच्या आवर्तनाच्या तारखा घेऊन तो करावा लागतो. इंग्लंडमध्ये कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट हिवाळ्यात कालव्याचे टप्पे बंद ठेवून दुरुस्त्या करतो आणि रिकामं केलेलं लॉक पाहायला लोकांना आत उतरू देतो. आपल्याकडे कोरड्या कालव्यात विद्यार्थ्यांना एक दिवस उतरू दिलं तर वारशाबद्दल दहा भाषणं देण्याची गरज उरणार नाही.

कालवा रिकामा करण्याचीही रीत आहे. पाणी एकदम सोडून दिलं तर भराव आणि भिंतीमागची माती भिजलेलीच राहते, समोरचा पाण्याचा आधार मात्र निघून जातो. मग भिंत आतल्या बाजूला झुकते. पातळी हळूहळू उतरवावी लागते.

पिंपळ आणि उंबर. वरून छाटलेलं रोप दर पावसाळ्यात जाडच होत जातं. मूळ सांध्यात बोटभर असेपर्यंत उपटता येतं. मनगटाएवढं झालं तर त्या भागातले दगड क्रमांक घालून उतरवायचे, मूळ काढायचं, दगड त्याच जागी परत बसवायचे. तणनाशक आणि ॲसिड ओतण्याच्या सूचना येतात. ज्या कालव्याचं पाणी कुणी पितं किंवा शेताला देतं तिथे मी त्याला ठाम नकार देतो.

रस्त्याच्या पुलांचा सगळ्यांत मोठा शत्रू डांबराचे थर. पूल बैलगाडीसाठी बांधलेला, वरून आता टँकर आणि डंपर जातात. कमान सहसा तेवढ्याने पडत नाही, तिच्यात मोठी ताकद असते. पण दर दोन-तीन वर्षांनी जुन्या डांबरावर नवं डांबर येतं, पुलावर फुकटचा भार साचतो आणि रस्ता उंच होतो. मग कठडा गुडघ्याएवढा उरतो, तो धोकादायक म्हणून पाडतात आणि तिथे लोखंडी नळ्यांचं कुंपण येतं. उपाय साधा आहे: नवा थर देण्याआधी जुना खरवडायचा. तेवढ्याने कठड्याची उंची परत मिळते. केबल आणि जलवाहिन्यांसाठी कठड्याला भोकं पाडून ब्रॅकेट ठोकायला परवानगीच देऊ नये, त्यांच्यासाठी शेजारी स्वतंत्र हलका आधार करता येतो. आणि वाहतूक खरोखरच झेपत नसेल तर शेजारी नवा पूल बांधून जुना चालणाऱ्यांना द्यावा. बंडगार्डनचा १८६७ चा फिट्झजेराल्ड पूल याच मार्गाने टिकला आहे.

एक कठीण गोष्टही मान्य केली पाहिजे. जुन्या मोऱ्यांची रुंदी त्या काळच्या ओढ्यांच्या पुरावर ठरली होती. डोंगरउतारावर तेव्हा गवत होतं, आता काँक्रीट आहे. तेवढ्याच पावसाचं पाणी आता अधिक प्रमाणात आणि फार लवकर खाली येतं. २७ सप्टेंबर २०१८ ला दांडेकर पुलाजवळ कालव्याची भिंत फुटली आणि वस्तीत पाणी शिरलं, वर्षभरात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला आणि माणसं गेली. या भागात राहणाऱ्याला जुनी मोरी जपा असं सांगताना त्याच्या घरात पाणी येणार नाही याची खात्री आपण द्यायला हवी. ती देता येते. जुन्या मोरीच्या शेजारी भरावातून जादा गाळे काढता येतात, तिच्या तोंडाशी साचलेला कचरा आणि राडारोडा काढून मूळ रुंदी मोकळी करता येते, आणि अनेक ठिकाणी पहिली दुरुस्ती हीच असते. भराव आणि दगडी बांधकाम जिथे एकमेकांना भिडतात त्या सांध्यातून पाणी वाट काढतं आणि तिथली माती धुऊन नेतं. प्रत्येक बांधकामाची तपासणी तिथूनच सुरू करा. जुन्या बांधकामाची काळजी आणि सुरक्षितता या दोन वेगळ्या फायली नाहीत.

आता बोगदा. गळती, बाष्पीभवन आणि पाणीचोरी टाळण्यासाठी खडकवासल्यापासून फुरसुंगीपर्यंत पाणी बोगद्याने न्यायचा प्रकल्प राज्य शासनाने हाती घेतला आहे. पाण्याच्या बचतीच्या बाजूने तो समजण्यासारखा आहे, मी त्याच्या विरोधात नाही. माझा आग्रह एवढाच की शहरातला कालवा मोकळा होण्याआधी त्या पट्ट्याचं पुढचं काम ठरलं पाहिजे. तिथे रस्ता करावा अशी मागणी होत आहे, आणि डाव्या कालव्याचं काय झालं ते आपण पाहिलं आहे. मला वाटतं, पट्ट्यात थोडं पाणी वाहतं ठेवावं, ओढ्यांच्या पुराला जादा वाट म्हणून त्याचा उपयोग करता येतो का हे जलशास्त्राच्या हिशेबाने तपासावं, आणि काठाने चालण्याची, सायकलची अखंड वाट करावी. स्वारगेट-सहकारनगर भागात लोक कालव्याकाठी आजही फिरायला जातात, ही सवय तयार आहे. हिशेबाला आपल्या खडकवासल्याचीच केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था आहे, पाण्याची प्रतिकृती बांधून असे प्रश्न सोडवण्यात तिचा शंभर वर्षांहून मोठा अनुभव आहे.

तुम्हाला प्रबंधासाठी काय करता येईल ते सांगतो. पर्वती ते हडपसर एवढाच टप्पा घ्या. प्रत्येक बांधकामाला क्रमांक द्या, कालव्याच्या साखळीप्रमाणे, म्हणजे धरणापासूनच्या अंतराप्रमाणे. विभागाचे मैलाचे आणि किलोमीटरचे दगड काठावर जिथे असतील ते आधी शोधा. प्रत्येकाचा तळ, पाण्याची पातळी, कमानीची रुंदी आणि उंची, दगडाची घडाई, चुन्याचा नमुना, आणि ओढ्याच्या वरच्या-खालच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रं घ्या. आत उतरण्याआधी विभागाची लेखी परवानगी आणि आवर्तनाची तारीख घ्या, एकट्याने उतरू नका. पाटबंधाऱ्याच्या कार्यालयात जुने नकाशे मागा. निवृत्त पाटकरी आणि मोजणीदारांना भेटा, कोणतं दार कधी बदललं, कुठे कधी गळती लागली, हे त्यांच्या इतकं कुणाला आठवत नाही. कात्रजहून शनिवारवाड्यापर्यंत पेशवाईत आणलेल्या दगडी नळाचे उच्छ्वास (हवा सुटण्यासाठी आणि तपासणीसाठी उभारलेले दगडी मनोरे) याच भागात कुठे कुठे आहेत. त्यांची जागाही तुमच्या नकाशावर टाका, म्हणजे अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकाचं पाणी एकाच कागदावर येईल.

तो नकाशा झाला की महापालिकेच्या वारसा कक्षाला आणि जलसंपदा विभागाला एकाच दिवशी एकाच पत्राने द्या, म्हणजे कोणालाही दुसऱ्याकडे बोट दाखवता येणार नाही. प्रस्ताव वारसा परिसराचाच करा. मसुदा तयार झाला की मला पाठवा, मोजमापं आणि दुरुस्तीचा भाग मी तपासून देईन.